दोन तळमजल्यांचं शहर

४ जून

प्रिय मामा,

नमस्कार. फोनच करणार होते. पण मागच्या खेपेला मी "बढती मिळाली" म्हणाले आणि तू मामीला हाक मारलीस, "अगं, भिंगरी पडली म्हणे, हाडबीड मोडलं का विचार!" जन्मभर लिफ्टच्या मोटारींशेजारी उभं राहून तुझ्या कानांनी राजीनामा दिलाय, तेव्हा आपलं पत्रच बरं.

तर ही बढती. आमची कंपनी संगणकावरचे खेळ बनवते, हे तुला माहीतच आहे. आत्ताचा खेळ राज्य उभारण्याचा आहे. खेळणारा एका वस्तीपासून सुरुवात करतो, शहरं वसवतो, शेजाऱ्याची जिंकतो, स्वतःची गमावतो. सगळा डावपेचांचा मामला, बुद्धिबळाचा थोरला भाऊ समज. त्यातली शहरं आता माझ्या गळ्यात पडली आहेत. गळ्यात म्हणते, कारण ती सगळी एका साच्यातली आहेत. आधी धान्याचं कोठार, मग बाजार, मग तट, मग शाळा. जो येतो तो प्रत्येक शहरात याच क्रमाने हेच बांधतो. नावं वेगळी, छपरांचे रंग वेगळे, बाकी उडदामाजी काळेगोरे.

परवा आम्ही एका मुलीला खेळ तपासायला बसवलं. शत्रूने तिचं एक शहर जाळलं. ती म्हणाली, "तिसरं गेलं," आणि तिने जांभई दिली. त्या शहराला नाव होतं रे मामा. मी ठेवलं होतं.

एखादं शहर हातचं गेलं तर खेळणाऱ्याला चुटपुट लागली पाहिजे, असं मला वाटतं. ती कशाने लागेल ते कळत नाही. रोज कागदावर काहीतरी काढते आणि संध्याकाळी फाडते. मग आठवलं, आपल्या घराण्यात सर्वांत जास्त शहरांचं पाणी प्यायलेला माणूस तू. लिफ्ट बसवायला कुठे कुठे राहिलास, महिने महिने. एक शहर दुसऱ्यापासून तू कसं ओळखायचास? सुचेल ते लिही. मामीला नमस्कार.

तुझी,
भिंगरी

---

१७ जून

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचता वाचता मी खुर्चीत इतका ताठ बसलो की तुझ्या मामीला वाटलं, कंपनीने परत कामावर बोलावलं की काय.

पहिली गोष्ट. शहरात काय काय आहे त्याची यादी करत बसू नकोस. बाजार, शाळा, कोठार सगळीकडे असायचंच, नाक-डोळे सगळ्यांनाच असतात. शहर कशाला नाही म्हणतं ते बघ. तिथे त्याचा स्वभाव कळतो.

एक होतं चढाचं शहर. नावं मी कधी लक्षात ठेवली नाहीत, माझी नावं मीच ठेवायचो. डोंगराच्या अंगावर चिकटलेलं गाव. इमारतीला खालच्या रस्त्यावरून एक दार, आणि मागे, चार मजले वर, वरच्या रस्त्यावरून दुसरं दार. मी लिफ्ट उभी केली आणि बटणांच्या पाटीवर शून्य कुठे घालायचं यावर इमारतीत जुंपली. खालचे म्हणतात तळमजला आमचा, वरचे म्हणतात आमचा. एक म्हातारबाबा काठी आपटून ओरडले, "मी माझ्या दारातून थेट रस्त्यावर पाऊल टाकतो, आणि हा गृहस्थ मला चौथ्या मजल्यावर चढवतोय!" कुणीच हटेना. शेवटी मी दोन शून्यं बसवली, एक पांढरं आणि एक काळं. तपासनीस आला, पाटीकडे बघत राहिला, आणि म्हणाला, "मी इथलाच आहे. सही करतो."

दुसरं मिठाचं शहर. समुद्राचं वारं असं की पोलादी दोरसुद्धा बघता बघता तांबूस व्हायचे. तिथली माणसं लोखंडावर विश्वास ठेवत नाहीत. कुठलीही वस्तू दाखवा, पहिला प्रश्न, "टिकेल किती?" सोयरीक जुळवतानाही तेच विचारत असावेत. नवं घेणं त्यांना लाजिरवाणं वाटतं, डागडुजी करणारा मात्र राजा. मी तेलाची बुधली घेऊन चाललो की लोक रस्ता द्यायचे.

जन्माच्या आधी शहर निवडता आलं असतं तर मी चढाचं निवडलं असतं. भांडायला सोपं.

चहा झालाय अशी तिसरी हाक आली आहे. चौथी हाक नसते, हे तुला ठाऊक आहेच.

तुझा,
मामा

---

२ जुलै

प्रिय मामा,

तू सोनं पाठवलंस!

चढाचं शहर खेळात आलं. त्याचे दोन भाग केलेत, वरचा आणि खालचा. तट दोनदा बांधावा लागतो, कारण वरचे खालच्यांच्या तटाला तट मानत नाहीत. पण शत्रूने खालचा भाग घेतला तरी शहर पडत नाही, वरचे म्हणतात, "शहर तर आमच्याकडे आहे!" आणि लढत राहतात. मिठाच्या शहरात लोखंडाचं काहीच टिकत नाही, म्हणून तिथे मोठी शस्त्रशाळा उभारताच येत नाही. पण सगळ्या राज्यातली मोडकी यंत्रं तिथेच दुरुस्त होतात. ते शहर गेलं की बाकीची शहरं हळूहळू लंगडायला लागतात.

आमच्याकडे एक गणिती आहे, शत्रूची चाल ठरवणारं सगळं तो लिहितो. हसणं त्याला खर्चिक वाटतं. तो दोन शून्यांच्या गोष्टीवर हसला. आणि ती जांभईवाली मुलगी, तिला परत बसवलं. खालचा भाग पडला तेव्हा ती खुर्चीतून अर्धी उठली आणि ओरडली, "अरे, वर आहेत अजून, वर आहेत!" मला तिची पापी घ्यावीशी वाटली.

आमचा प्रमुख म्हणतो, अशी अजून हवीत. पाठव ना एखादं. वाट बघते.

तुझी,
भिंगरी

---

२५ जुलै

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. उशीर झाला. चष्मा सापडत नव्हता, मग सापडला, मग कागद कुठे ठेवला ते सापडेना. मामी म्हणते घरात भूत आहे.

आता सोबतीचं शहर ऐक. तिथे कधीतरी मोठा भूकंप झाला होता आणि लिफ्टमध्ये एकेकटी माणसं अडकून राहिली होती. मी गेलो तेव्हा त्याला खूप वर्षं उलटली होती, पण तिथे एकटं कुणी लिफ्टमध्ये शिरत नसे. दाराशी उभे राहतात, दुसरं माणूस येईपर्यंत. अनोळखी असलं तरी चालतं. मी नवखा, एकटाच आत गेलो, तर एक बाई हातातल्या पिशव्या टाकून धावत आली, माझ्याबरोबर थेट शेवटच्या मजल्यापर्यंत आली, आणि मग स्वतःच्या दुसऱ्या मजल्यावर परत गेली. परत जाताना तिच्या सोबतीला मी. अशा आम्ही बऱ्याच खेपा केल्या असत्या, कुणी तिसरा आला म्हणून सुटलो.

त्याच शहरात मी दोन शून्यांची पाटी लावली होती, तुला सांगितलं का? समुद्राचं वारं डोंगर चढून यायचं. पाटीवरून भांडण झालं. एक म्हातारबाबा होते, त्यांनी काठी आपटली, तर काठीचं गंजलेलं टोकच गळून पडलं. म्हणाले, "मला चौथ्या मजल्यावर चढवतोय!" सगळं भांडण थांबून लोक ते टोक शोधायला लागले. शेवटी मी दोन शून्यं लावली. तपासनिसाने सही केली.

हे सगळं अभ्यास सांभाळून कर. परीक्षा जवळ आली असेल.

मामा

---

८ ऑगस्ट

प्रिय मामा,

तू फार पोचलेला माणूस आहेस! मला वाटलं तू तिसरं शहर पाठवशील, आणि तू तिन्ही शहरं एकमेकांत कालवून पाठवलीस. दोनदा वाचलं तेव्हा तुझी खोच कळली. शहरं जन्मभर जशीच्या तशी कशाला राहतील? माणसं इकडून तिकडे जातात, सवयी बरोबर नेतात. आता खेळात मिठाच्या शहरातली माणसं चढाच्या शहरात जाऊन राहिली तर तिथेही डागडुजीचं वेड शिरतं. प्रमुखाला सांगितलं, मामाची कल्पना. तो म्हणाला, मामांना नोकरीवर घ्या.

आणि अभ्यास सांभाळून म्हणे! टोमणा पोचला. कामापायी घरी फोन करत नाही, हेच ना? करीन.

थोडी धाकधूक आहे. खेळ बाजारात आणायची तारीख अलीकडे ओढली आहे आणि वरची मंडळी गप्प गप्प असतात. पण ते राहू दे. तू पुढचं शहर पाठव. घाई आहे हं.

तुझी,
भिंगरी

---

१४ सप्टेंबर

चि. भिंगरी,

अनेक आशीर्वाद. मी पत्र कधी लिहीत नाही, म्हणजे काहीतरी आहे हे तू ओळखलंस असेल. ह्यांना न सांगता लिहिते आहे. ते झोपलेत.

तुझं ऑगस्टचं पत्र आल्यापासून ते रोज उत्तर लिहायला बसतात. दोन ओळी लिहितात, मग मला विचारतात, "अगं, मिठाचं ते कुठलं?" मी काय सांगणार? मी कुठल्याच शहरात गेले नाही, मी तर घर सांभाळत होते. मग चिडतात. आपल्याच कपाळावर मारून घेतात. एकदा म्हणाले, "माझ्या डोक्यात सगळ्या शहरांचे रस्ते एकमेकांना जोडून ठेवलेत कुणीतरी."

गेल्या आठवड्यात पाव आणायला गेले ते परत येईनात. मी शोधत गेले तर हे दोन चौक पलीकडच्या इमारतीत लिफ्टमध्ये उभे. दार उघडं धरून ठेवलेलं, लोक खोळंबलेले. मला बघून म्हणाले, "घरचा मजला कुठला तेवढं सांग." आपल्या इमारतीला लिफ्टच नाही गं.

डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत. म्हणाल्या, हे परतवता येत नाही, पाय घसरत जातो तसं होणार, कधी भराभर, कधी हळू. गोळ्या दिल्यात. गोळ्यांनी झोप येते.

मी हे तुला का लिहिते ते मलाही नीट कळत नाही. तुझं पत्र आलं की हे दोन दिवस पूर्वीसारखे होतात. दाढी करतात, मला चिडवतात. मग उत्तर लिहिता येईना की पुढचे कितीतरी दिवस त्याची भरपाई चालते. म्हणजे तू लिही म्हणू की नको म्हणू? तूच ठरव. मला ठरवता येत नाही. फक्त पुढचं शहर मागू नकोस. आणि तुझं काम छान चाललंय एवढं मात्र लिही. त्यांना तेवढंच लक्षात राहतं, की भिंगरीचं काम अडलंय आणि ते आपल्याला करायचंय.

तुझी,
मामी

---

२० सप्टेंबर

मामी,

नमस्कार. तुमचं पत्र ऑफिसच्या जिन्यात बसून वाचलं. मामाच्या जुलैच्या पत्रातली कालवलेली शहरं मी सगळ्यांना कौतुकाने दाखवत फिरले होते. मला वाटलं मामा गंमत करतोय.

तुम्ही म्हणता काम छान चाललंय असं लिही. ते लिहीन. पण तुम्हाला खरं सांगते, कारण कुणाला तरी सांगायला हवं. ज्या आठवड्यात तुमचं पत्र आलं त्याच आठवड्यात आमची शहरं काढून टाकली.

कुणी दुष्टपणा केला असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. झालं असं की संगणक जेव्हा शत्रू म्हणून खेळतो तेव्हा त्याला चढाचं शहर कळतच नाही. तो खालचा भाग जिंकतो आणि तिथेच घुटमळत राहतो. शहर घेतलंय, तरी घेतलेलं नाही, हे त्याच्या डोक्यात शिरत नाही. सगळं सैन्य खालच्या रस्त्यावर गोल गोल फिरतं आणि खेळ बंद पडतो. आमच्या गणित्याने खूप झटापट केली. शेवटी माझ्या टेबलाशी आला. म्हणाला, "त्याला शिकवायला वेळ हवा, आणि वेळ नाही." प्रमुख म्हणाला, मलाही वरून सांगितलंय. वर कोण आहे ते आम्ही कुणीच पाहिलेलं नाही.

मी बैठकीत बोलले. चांगली बोलले, असं नंतर सगळे म्हणाले. सगळ्यांनी माझं ऐकून घेतलं, आणि मग शहरं काढली. आता परत कोठार, बाजार, तट, शाळा. मिठाच्या शहराची छपरं पांढरी ठेवली आहेत. तेवढं राहू देतो म्हणाले.

खेळ बाजारात जाईपर्यंत कुणालाच रजा नाही. मागितली होती. मी इथून मामासाठी काय करू, मामी? सांगा, काहीही करते.

तुमची,
भिंगरी

---

३ ऑक्टोबर

प्रिय मामा,

नमस्कार. एक आनंदाची बातमी. तुझी सगळी शहरं खेळात बसली. आता काही अडलेलं नाही. चढाच्या शहरातले म्हातारबाबासुद्धा आहेत, काठीसकट. लोकांना सर्वांत जास्त तेच आवडतात.

तुला काही पाठवायला नको. झालं सगळं. तू मस्त आराम कर, आणि मामी तिसरी हाक मारायच्या आत चहाला जात जा.

तुझीच,
भिंगरी

---

१९ ऑक्टोबर

प्रिय भाचीस,

आशीर्वाद. सध्या कामानिमित्त एका शहरात मुक्काम आहे. नाव कुणी सांगत नाही आणि विचारायला संकोच वाटतो, कारण इथे सगळे मला ओळखतात असं दाखवतात. रस्त्यावर भाजीवाला नमस्कार करतो. मीही करतो.

तुला वेगवेगळी शहरं हवी होती ना, म्हणून लिहून ठेवतो. आत्तापर्यंतच्या सगळ्यांत हे निराळं आहे. घरं तीन मजल्यांची, त्यामुळे लिफ्ट नाहीत. मग मला कशाला बोलावलं, ते साहेबांना विचारायला हवं. सकाळी समोरच्या भिंतीवर ऊन येतं ते आधी पिवळं, मग नुसतं पांढरं. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, त्याचा मालक चाक फिरवून कान लावून ऐकतो. कठड्याला हात लावला तर एका ठिकाणी लाकूड गुळगुळीत आहे, माझ्या हाताला बरोबर बसतं. माझ्याच उंचीचा कुणी माणूस इथे बरीच वर्षं राहत असावा.

मी एका बाईंकडे उतरलो आहे. फार चांगल्या आहेत. माझा शर्ट कुठला आणि गोळ्या कधी, त्यांनाच माहीत. मी विचारलं, "तुमचे यजमान कुठे असतात?" तर त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ आल्याच नाहीत. माझं काहीतरी चुकलं असावं. बहुधा ते हयात नसावेत. तू मोठी झालीस की लक्षात ठेव, परक्या शहरात असले प्रश्न विचारू नयेत.

काम संपलं की मी घरी जाईन. मामी वाट बघत असेल. तिला पत्र टाकायचं राहूनच गेलं.

मामा

---

२६ ऑक्टोबर

मामी,

मामाचं पत्र आलं. पाकिटावरचा पत्ता तुमच्या अक्षरात आहे. तुम्ही आतलं वाचलं का? वाचलं नसेल तर मागू नका. मी देणार नाही.

आमचा खेळ बाजारात आला. चांगला खपतोय. शहरांबद्दल कुणाची तक्रार नाही. कुणी त्यांच्याबद्दल काही बोलतच नाही. रजेचा अर्ज आज परत टाकला. आता पहिल्या दुरुस्त्यांपर्यंत थांबा म्हणतात.

भिंगरी

---

४ नोव्हेंबर

चि. भिंगरी,

वाचलं. टपालात टाकायच्या आधीच वाचलं. त्यांनी माझ्याकडे पाकीट दिलं आणि म्हणाले, "बाई, एवढं टाकाल का, भाचीला आहे." इतकी वर्षं मला "अगं" म्हणणारा माणूस आता "अहो बाई" म्हणतो. पहिल्या दिवशी मी रागाने म्हटलं, मी तुमची बायको आहे! ते इतके घाबरले गं. हात जोडले आणि म्हणाले, "बाई, असं बोलू नका, मी संसारी माणूस आहे." त्यानंतर मी काही म्हटलेलं नाही.

स्वभाव तोच आहे. ताट स्वतः उचलतात. माझ्या खोलीत यायच्या आधी दारावर टकटक करतात.

पण आता वेगळंच सुरू झालंय. रोज सकाळी कपाटातून बॅग काढतात, कपडे भरतात आणि दाराशी बसतात. घरी जायचंय. "बायको एकटी आहे," म्हणतात. मी दार अडवलं तर गयावया करतात. परवा खालच्या सायकलवाल्यांना बोलवावं लागलं, जिन्यात दोघांनी धरून वर आणलं. हात धरले म्हणून ते रडले. मी सांगून बघितलं की काम अजून संपलं नाही. तर म्हणतात, "ते कंपनी ठरवेल बाई, तुम्ही कसं ठरवणार?"

बरोबरच आहे ते. कंपनीचा शब्द त्यांनी जन्मात मोडला नाही. पहिल्या पगारापासून बघते आहे मी, मुक्काम वाढवल्याचं पत्र आलं की चिडायचे, पण राहायचे.

म्हणून म्हणते, तू लिहिशील का तसं पत्र? मला त्यातली भाषा येत नाही. आणि माझं अक्षर ते ओळखतील असं वाटतं. ओळखतील, असं मला अजून वाटतं.

मामी

---

१४ नोव्हेंबर

प्रति,
वरिष्ठ तंत्रज्ञ, लिफ्ट उभारणी विभाग

विषय : सध्याच्या शहरातील मुक्काम वाढवण्याबाबत

महोदय,

आपण सध्या ज्या शहरात आहात तेथील काम अपेक्षेपेक्षा अवघड असल्याचे कार्यालयास कळले आहे. तेथील इमारतींची उंची, जिन्यांची रचना व रहिवाशांच्या सवयी यांची संपूर्ण पाहणी झाल्याखेरीज लिफ्टचे काम सुरू करता येणार नाही. ही पाहणी आपल्याइतकी बारकाईने करणारे दुसरे कोणी कार्यालयाकडे नाही.

तरी पुढील सूचना मिळेपर्यंत आपण तेथेच राहावे. कामाची घाई नाही. आपल्याला जे दिसेल ते पाहावे. अहवाल पाठवण्याची आवश्यकता नाही.

आपण ज्यांच्याकडे उतरला आहात त्या बाईंशी कार्यालयाचे बोलणे झाले असून त्यांची काही हरकत नाही. त्यांना सोडून एकट्याने शहराबाहेर जाऊ नये, असा नियम आहे.

आपल्या घरी कळवले आहे. घरची मंडळी खुशाल आहेत. आपली आठवण काढतात. फार आठवण काढतात.

आपली विश्वासू,
कार्यालयाच्या वतीने

---

२३ नोव्हेंबर

चि. भिंगरी,

पत्र पोचलं. पोस्टमनलाच त्यांच्या हातात द्यायला सांगितलं. बॅग पायाशी घेऊन दाराजवळच बसले होते. चष्मा लावून वाचलं, मग उलटून मागची बाजू बघितली, मग पुन्हा वाचलं. "वाढवला," म्हणाले. "मला वाटलंच होतं." चिडतील म्हणून मी भिंतीशी सरकले होते. चिडले नाहीत. नुसते खांदे खाली आले.

मग म्हणाले, "घरी कळवलंय म्हणतात. तिला बरं वाटणार नाही."

मी म्हटलं, "समजून घेईल ती."

"तुम्ही तिला ओळखत नाही," ते म्हणाले आणि हसले. कितीतरी दिवसांनी हसले. मग मला तिच्याबद्दल सांगायला लागले. "ती रागावली की बोलत नाही, झाकणं आपटते. मी कामावरून आलो की जेवण होईपर्यंत एक शब्द विचारत नाही, आणि जेवण झालं की पहाटेपर्यंत विचारत बसते. तिला मी एकदाही कुठलं शहर दाखवलं नाही, दर वेळी पुढच्या खेपेला म्हणायचो. तुम्हाला सांगतो बाई, कुठल्याही गावात गेलो तरी मी पहिल्यांदा हेच बघायचो, की हिला इथे करमलं असतं का." मी समोर बसून सगळं ऐकलं. मध्ये काही विचारलं नाही.

तू येऊ शकलीस तर ये. तुला कुठली रजा मिळणार, हे मला कळतं. पण लिहायचं म्हणून लिहिते. आलीस तर तुला ते काय म्हणतील, ते मी सांगू शकत नाही.

बोलून थकले तेव्हा त्यांनी बॅग उघडली. एक एक शर्ट काढून माझ्याकडे दिला, नीट घडी करून, पाहुणा देतो तसा. शेवटचा शर्ट हातातच धरून ठेवला.

"इतके दिवस राहायचं म्हणजे तुमच्यावर भार," म्हणाले. "तुम्हाला चालेल ना?"

"राहा," मी म्हटलं.

मामी